मोठी फाइल दूरच्या घरी पाठवताना मध्येच तुटते: कारण कसे शोधावे

कोल्हापुरातून पुण्या-मुंबईला किंवा थेट परदेशी, एका घरातील संगणकावरून दुसऱ्या घरातील संगणकावर शंभर-दोनशे जीबींची एकच फाइल पाठवायची असते आणि ती प्रत्येक वेळी कुठेतरी अडकते, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. लघुपट करणारी मंडळी, लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक, घरच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवणारी कुटुंबे, आणि २०१९ व २०२१च्या महापुरांनंतर आपल्या कामाची एक प्रत पंचगंगेच्या पाण्यापासून दूर, दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवू लागलेले लोक, अशा सर्वांनाच ती भेडसावते. अशा वेळी पहिला उपाय म्हणून बहुतेक जण नेटचा महागडा प्लॅन घेतात. त्यामुळे फाइल तुटायची तेवढी लवकर तुटते, इतकाच फरक पडल्याचे अनेकदा पाहण्यात आले आहे.

या दुखण्यात वेगाला नको तितके महत्त्व दिले जाते, असे माझे मत आहे. दहा-बारा तास चालणारे काम घरगुती जोडणीवर एकदाही खंड न पडता पार पडेल, ही अपेक्षाच मुळात फाजील आहे. खंड पडणारच असे धरून चालावे आणि मग दोन गोष्टी पाहाव्यात: खंड पडल्यावर आपली पद्धत थांबल्या जागेवरून पुढे जाते की पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि हा खंड नेमका कुठे व केव्हा पडतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट टिपून ठेवले, तर निम्मे निदान तिथेच होते.

आधी हिशेब

उदाहरणादाखल पस्तीस मिनिटांचा एक लघुपट घेऊ. फोर-के आकारात, सेकंदाला २५ चौकटी या गतीने, ‘प्रोरेस ४२२ एचक्यू’ या प्रकारात त्याची अंतिम प्रत काढली, तर सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट या दराने ती फाइल १९० जीबींच्या थोडी पुढे जाते. आता राजारामपुरीतील घरी नेटचा प्लॅन शंभर मेगाबिटचा असला, तरी तो आकडा अनेकदा फक्त खाली उतरवण्याच्या वेगाचा असतो. वर पाठवण्याचा वेग निराळा असतो आणि तो स्वतंत्रपणे मोजावा लागतो. तो तीस मेगाबिट भरला, तर आठाने भागून सेकंदाला पावणेचार मेगाबाइट मिळतात, म्हणजे १९० जीबींना सलग चौदा तास लागतात. बिट आणि बाइट यांची गल्लत केल्यास हेच काम पावणेदोन तासांत उरकेल असे वाटते, आणि मग दोन तासांनी ‘काहीतरी बिघडले आहे’ म्हणून चांगली चाललेली फाइल हाताने बंद केली जाते.

याच हिशेबातला आणखी एक घोटाळा वारंवार समोर येतो. पाठवणाऱ्याकडे मॅक असतो, तो फाइल १९० जीबी असल्याचे सांगतो. घेणाऱ्याकडे विंडोज असते, तिथे तीच फाइल १७७ जीबी दिसते, आणि तेरा जीबी वाटेत हरवले म्हणून दोन्हीकडे गोंधळ उडतो. प्रत्यक्षात काहीही हरवलेले नसते. मॅक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजते, म्हणून आकडा कमी दिसतो. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये बाइटची पूर्ण संख्या दिलेली असते, तुलना नेहमी तीच करावी.

कुठे तुटते, ते लिहून ठेवावे

फाइल तुटली की लगेच पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. किती बाइट पोहोचल्या, सुरू झाल्यापासून किती वेळ झाला होता, घड्याळात किती वाजले होते आणि पडद्यावर कोणता संदेश होता, एवढ्या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. दोन-तीन वेळच्या अशा नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होऊ लागते. दर वेळी एकाच आकड्यावर अडकत असेल, तर दोष साठवण्याच्या जागेत शोधावा. ठरावीक वेळाने किंवा ठरावीक वाजता तुटत असेल, तर तो संगणकाच्या किंवा राउटरच्या एखाद्या सेटिंगमध्ये असतो. काहीच मेळ लागत नसेल, तर वायफाय, वीज आणि बाहेरची तार यांच्याकडे वळावे.

एकाच आकड्यावर अडकण्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे चार जीबी. घेणाऱ्याने फाइल ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला लावलेली असते, ती कधीकाळी टीव्हीला जोडण्यासाठी ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार चार जीबींच्या पुढे जाऊच शकत नाही. डिस्कवर एक टीबी जागा मोकळी दिसते, म्हणून शंका तिकडे जात नाही. त्या डिस्कवरील सामान दुसरीकडे हलवून ती ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करावी. दोन जीबींवर अडकत असेल, तर वापरत असलेल्या सेवेचीच मर्यादा पाहावी, कारण व्हॉट्सॲपवर एका फाइलला तेवढीच मुभा आहे.

आकडा याहून वेगळा, पण दर वेळी साधारण तोच असेल, तर घेणाऱ्याच्या सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे ते पाहावे. पुष्कळ प्रोग्राम येणारी फाइल आधी सी ड्राइव्हवरील तात्पुरत्या फोल्डरमध्ये जमा करतात आणि पूर्ण झाल्यावरच आपण सांगितलेल्या जागी हलवतात. डी ड्राइव्हवर पाचशे जीबी रिकामे असूनही सी ड्राइव्हवरचे साठ जीबी भरले की काम थांबते, आणि संदेश मात्र ‘नेटवर्क एरर’ असा येतो. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फोल्डरची जागा बदलता येते. ज्यात ती बदलता येत नाही, तो प्रोग्राम या कामाचा नव्हे.

ठरावीक वेळाने तुटण्यामागे बहुतेकदा संगणकाची झोप असते. लॅपटॉपचे झाकण लावले की तो झोपतो, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र पडदा बंद होण्याचे आणि संगणक झोपण्याचे सेटिंग वेगवेगळे असते, हे ध्यानात येत नाही. दोन्हीकडच्या संगणकांवर, केवळ आपल्या नव्हे, झोपेचे सेटिंग ‘कधीच नाही’ असे करावे. फाइल यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर असेल, तर ऊर्जाबचतीसाठी यूएसबी बंद करण्याचा पर्यायही काढून टाकावा. विंडोजचे अपडेट हा दुसरा संशयित. त्याच्या ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये जास्तीत जास्त अठरा तास राखून ठेवता येतात, आणि रात्री सुरू केलेले काम उरलेल्या सहा तासांत सापडले की संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होऊ शकतो. त्यामुळे मोठी फाइल लावण्यापूर्वी अपडेट आठवडाभर थोपवून ठेवणे सरळ.

येथे अंदाज बांधण्याची गरज नसते, कारण विंडोज या सर्वांची नोंद ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टिम’ या भागात, आपण कागदावर टिपलेल्या वेळेच्या आसपास पाहावे. ‘कर्नल-पॉवर’ या नावापुढे ४२ हा क्रमांक असेल, तर संगणक झोपी गेला होता. ४१ असेल, तर तो रीतसर बंद न होता अचानक बंद पडला, म्हणजे वीज गेली किंवा संगणकच अडकला. ‘यूजर ३२’ या नावापुढे १०७४ असेल, तर कुणीतरी किंवा कुठल्यातरी प्रोग्रामने त्याला बंद होण्याची आज्ञा दिली, आणि तो प्रोग्राम कोणता तेही तिथेच लिहिलेले सापडते. पाच मिनिटांच्या या तपासणीने कित्येक रात्री वाचतात.

शंभर टक्के होऊनही ‘अयशस्वी’

सर्वांत चीड आणणारा प्रकार हाच. घरच्या संगणकावर एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचा सर्व्हर चालवणाऱ्यांना तो नेमका शेवटच्या क्षणी गाठतो. एफटीपीमध्ये दोन जोडण्या असतात, एक आज्ञांसाठी आणि दुसरी प्रत्यक्ष फाइलसाठी. फाइल चौदा तास जात असते, तेवढा सगळा वेळ आज्ञांची जोडणी गप्प असते, आणि बराच वेळ काही हालचाल न झालेल्या जोडण्या राउटर आपल्या यादीतून काढून टाकतो. शेवटी फाइलची शेवटची बाइट पोहोचते, पण ‘पूर्ण झाले’ हा निरोप ज्या जोडणीवरून यायचा, तीच शिल्लक राहिलेली नसते. प्रोग्राम थोडा वेळ वाट पाहतो, अपयशाचा संदेश देतो आणि काही वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

अशा वेळी घेणाऱ्याकडे आलेली फाइल पुसण्यापूर्वी तिच्या बाइटची संख्या मूळ फाइलशी ताडून पाहावी, कारण पुष्कळदा ती पूर्ण आणि शाबूत असते. कायमचा इलाज म्हणून एफटीपी सोडून एसएफटीपी वापरावे, ज्यात सर्व काही एकाच जोडणीतून जाते. एफटीपीच वापरायचे असेल, तर ‘कीप-अलाइव्ह’चा पर्याय चालू करावा, म्हणजे आज्ञांच्या जोडणीवरही अधूनमधून काहीतरी जात राहील. तो पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामला आणि समोरच्या सर्व्हरला दोघांनाही मानवतोच असे मात्र नाही.

शंभर टक्क्यांवर काही काळ नुसते थांबून राहणे, हा मात्र दोष असेलच असे नाही. तात्पुरत्या फोल्डरमधून दुसऱ्या डिस्कवर १९० जीबी हलवायला, साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला शंभर मेगाबाइट धरले तरी अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तोवर हात लावू नये.

कधीही तुटते

नोंदींचा मेळ लागत नसेल, तेव्हा एक साधी चाचणी करावी. काळ्या पडद्याच्या, म्हणजे ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या, दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत स्वतःच्या राउटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्याला, अखंड पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सततची विचारणा, लावावे, आणि दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. फाइल सुरू करून दोन्ही खिडक्या तशाच चालू द्याव्यात. दोन्हींतील उत्तरे एकाच वेळी थांबली, तर दोष घरातच आहे, संगणक आणि राउटर यांच्या दरम्यान. राउटरची उत्तरे व्यवस्थित येत असताना फक्त बाहेरची थांबली, तर दोष राउटरच्या पलीकडचा आहे, आणि कंपनीकडे तक्रार करताना ‘आमच्याकडे सगळे ठीक दिसते’ या ठरलेल्या उत्तरापुढे ठेवायला आपल्याकडे पुरावा असतो.

दोष घरातला निघाल्यास वायफायशी झगडत बसू नये. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरांत, राउटर पुढच्या सोप्यात आणि संगणक माडीवर अशी मांडणी असेल, तर वायफाय चौदा तास एकसारखे राहणे अवघडच. लॅन केबल टाकावी. ‘कॅट ५ ई’ प्रतीची साधी केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट सहज नेते, आणि या लेखातल्या सर्व उपायांत सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त गुण तीच देते.

विजेचे प्रकरण आपल्याकडे थोडे अधिक विस्ताराने पाहावे लागते. घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून वीज गेल्याने फाइल तुटणार नाही असे गृहीत धरले जाते. पण घरगुती इन्व्हर्टरवर सहसा ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असे दोन ठिकाणी फिरणारे एक बटण असते. ते ‘नॉर्मल’वर असले, की लाइट जाण्याच्या आणि इन्व्हर्टर सुरू होण्याच्या मधल्या क्षणात पंखा आणि ट्यूबलाइट निभावून जातात, डेस्कटॉप संगणक मात्र पुन्हा सुरू होतो. बटण ‘यूपीएस’वर केले, तर हा मधला काळ संगणकाला झेपेल इतका कमी होतो. राउटर आणि फायबरचा डबा बहुधा बारा व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी बाजारात छोटे यूपीएस मिळतात, पण व्होल्ट आणि अँपिअर डब्यावरच्या आकड्यांशी जुळवूनच घ्यावेत.

एवढे करूनही, फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशाचा सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. जुलैच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडणे, रस्ता खोदताना केबल तुटणे किंवा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पेटीतली वीज जाणे, यांपैकी काहीही असू शकते. त्यावर घरात बसून उपाय नाही. त्यासाठीच थांबल्या जागेवरून पुढे जाणारी पद्धत लागते.

आणि एक कारण तंत्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. वर पाठवण्याचा सगळा वेग फाइलने व्यापला, की घरातल्या बाकीच्यांचे नेट रखडते. पाने उघडत नाहीत, व्हिडिओ कॉलवरचा आवाज तुटतो. मग घरातले कुणीतरी, बहुधा आईच, ‘नेट लई स्लो झालंय रे, म्हणून बंद करून चालू केलं’ असे सांगते, आणि रात्रभराची फाइल तिथे संपलेली असते. यावर उपाय घरच्यांना दटावण्याचा नाही. पाठवणाऱ्या प्रोग्रामला वेगाची मर्यादा घालावी, ती आपल्या वर पाठवण्याच्या मोजलेल्या वेगाच्या ऐंशी टक्के असावी. चौदा तासांचे काम साडेसतरा तासांवर जाते, पण ते पूर्ण होते आणि घरातल्या कुणालाही राउटरला हात लावावासा वाटत नाही.

जोडणीच होत नाही, किंवा फारच संथ होते

काहींची फाइल तुटण्याइतकी सुरूच होत नाही. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, उघडले, फायरवॉलला परवानगी दिली, तरी समोरचा संगणक काही सापडत नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन’ या शीर्षकाखाली दिलेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी किंवा १० या आकड्याने सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून दिलेला आहे. मोठ्या अपार्टमेंटचा पत्ता एकच आणि फ्लॅट क्रमांक बाहेर कुणालाच ठाऊक नाही, असा हा प्रकार: आतून बाहेर पत्र जाते, बाहेरून आलेले कुणाच्या दारात टाकायचे ते कळत नाही. आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण खरा अडसर कंपनीच्या यंत्रात असतो. वेगळे पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. दोन्ही घरांना आयपीव्ही-६, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देणारी नवी पद्धत, मिळत असेल, तर ही अडचण बरीचशी टळते. नाहीतर दोन्ही बाजूंनी बाहेर पडून मध्ये भेट घडवून आणणारे टेलस्केल किंवा सिंकथिंग यांसारखे प्रोग्राम वापरावेत.

हे प्रोग्राम थेट भेट घडवू शकले नाहीत, तर सगळी माहिती तिसऱ्याच सर्व्हरमार्फत, म्हणजे ‘रिले’मधून नेतात. माहिती कुलूपबंद असते, त्यामुळे गुप्ततेची काळजी नाही, पण वेग कमालीचा घटतो. सिंकथिंगमध्ये समोरच्या संगणकाच्या नावाखाली जोडणीचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ‘रिले’ दिसत असेल, तर १९० जीबींची आशा न धरता आधी निदान एका बाजूला तरी २२००० क्रमांकाचे पोर्ट खरोखर खुले होईल असे पाहावे.

परदेशी पाठवताना निराळीच अडचण येते. दोन्हीकडे शंभर मेगाबिटचा वेग आहे, तार शाबूत आहे, तरी फाइल मुंगीच्या पावलाने जाते. काही जुने प्रोग्राम ६४ केबी पाठवतात, समोरून पोच येईपर्यंत थांबतात आणि मगच पुढचे पाठवतात. पुण्यापर्यंत ही पोच चटकन येते, म्हणून काही जाणवत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ती यायला पाव सेकंद धरला, तर सेकंदाला फक्त २५६ केबी जातात, आणि लघुपटाच्या त्या फाइलला आठ दिवसांहून अधिक लागतात. मग नेटचा वेग दहापट केला तरी हा काळ एका तासानेही कमी होत नाही. असा प्रोग्राम बदलावा किंवा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडणारा निवडावा. विंडोजचे शेअर केलेले फोल्डर व्हीपीएनमधून, म्हणजे दोन घरांना जोडणाऱ्या खासगी मार्गातून, परदेशी उघडून त्यातून फाइल ओढणे याच कारणाने टाळावे. ती पद्धत एका घरातल्या नेटवर्कसाठीच घडवलेली आहे.

मग कोणती पद्धत

सर्वसाधारण वापरासाठी सिंकथिंगची शिफारस करावीशी वाटते. तो फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, फाइलचे लहान-लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा तपासून घेतो आणि खंड पडल्यावर राहिलेले तुकडेच मागवतो. पाठवणाऱ्याच्या बाजूला फोल्डर ‘सेंड ओन्ली’ आणि घेणाऱ्याच्या बाजूला ‘रिसीव्ह ओन्ली’ ठेवावे, म्हणजे तिकडे चुकून फाइल पुसली गेली तरी मूळ प्रत सुरक्षित राहते. सुरुवातीला तो बराच वेळ काहीच पाठवत नाही, कारण आधी संपूर्ण फाइल वाचून तुकड्यांच्या खुणा तयार करतो. १९० जीबींसाठी त्यात अर्धा तास सहज जातो, तेवढी सबुरी ठेवावी. त्याची एक खोड मात्र माहीत असलेली बरी: अर्धवट राहिलेली तात्पुरती फाइल तो मूळ सेटिंगनुसार चोवीस तासच जपतो. घेणारा दोन दिवस गावी जाणार असेल, किंवा पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस बंद राहत असेल, तर प्रगत सेटिंगमधील ‘कीप टेम्पररीज’चे तास आधीच वाढवून ठेवावेत.

आज्ञा टंकून काम करण्याची सवय असलेल्यांनी आरसिंक वापरावे. अर्धवट फाइल जपून ठेवणारा ‘पार्शल’ आणि पुढचा भाग जोडून शेवटी सगळे पडताळणारा ‘अपेंड-व्हेरिफाय’ हे त्याचे पर्याय नेमके याच दुखण्यासाठी आहेत. दाबून आकार कमी करण्याचा पर्याय मात्र व्हिडिओसाठी लावू नये. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्यात उगाच प्रोसेसर शिणतो. ‘झिप’ करून पाठवण्याचा सल्लाही याच कारणाने निरुपयोगी आहे.

ब्राउझरमधून पाठवण्याच्या सेवा, दूरस्थ नियंत्रणाच्या प्रोग्राममधील फाइल ओढून टाकण्याची सोय आणि साधे एफटीपी, यांच्या भरवशावर दोनशे जीबी सोडू नयेत. क्लाउडचा मार्ग चालतो, विशेषतः दोन्ही संगणक एकाच वेळी चालू ठेवणे शक्य नसेल तेव्हा. पण गूगल ड्राइव्हची फुकट जागा १५ जीबीच आहे, पैसे भरून जागा घेतली तरी ब्राउझरऐवजी त्यांचा संगणकावरचा प्रोग्रामच वापरावा, आणि फाइल एकदा वर जाऊन एकदा खाली यायची असल्यामुळे दोन्ही वेळांची बेरीज धरावी. प्लॅनमधील महिन्याच्या डेटामर्यादेत पाठवलेली माहितीही मोजली जाते का, तेही आधी पाहून घ्यावे.

फाइल पोहोचल्यावर दोन्हीकडे तिचा ‘एसएचए-२५६’, म्हणजे आतल्या मजकुरावरून तयार होणारी ओळखखूण, काढून ताडावा. विंडोजवर सेव्हन-झिप असल्यास फाइलवर उजवे बटण दाबून ‘सीआरसी एसएचए’ या यादीत तो मिळतो. चौसष्ट अक्षरांची ती ओळ फोनवर वाचून दाखवत बसू नये, संदेशात चिकटवून पाठवावी आणि शोधण्याच्या सोयीने जुळवावी. एक अक्षर जरी वेगळे आले, तरी फाइल बदललेली आहे. आरसिंकला ‘चेकसम’ पर्याय लावून तुटलेला भाग शोधू द्यावा, सगळे पुन्हा पाठवू नये.

हे सर्व करण्याआधी एकदा एसटीचाही हिशेब करून पाहावा. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. गाडीला पाच तास धरले आणि डिस्कवर भरायला व उतरवायला प्रत्येकी अर्धा तास दिला, तर १९० जीबी सहा तासांत कोथरूडच्या संगणकावर असतात, तीस मेगाबिटच्या जोडणीला त्यासाठी चौदा तास लागतात. पूर्ण भरलेली एक टीबीची डिस्क पाच तासांच्या प्रवासात सेकंदाला साडेचारशे मेगाबिटच्या जवळपासचा वेग देते. महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तर मात्र हा हिशेब कोलमडतो. डिस्क ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करून ‘व्हेराक्रिप्ट’ने कुलूपबंद करावी, संकेतशब्द डिस्कच्या पाकिटात न ठेवता फोनवर सांगावा, आणि समोरून एसएचएची ओळ जुळल्याचा निरोप येईपर्यंत मूळ फाइल पुसू नये.